थाडेन बाईंची शाळा

नाझी काळातल्या जर्मन शिक्षिका एलिझाबेथ फॉन थाडेन यांचं नाव निघालं की १० सप्टेंबर १९४३ ला बर्लिनमध्ये त्यांच्याकडे झालेल्या चहापानाची गोष्ट सांगितली जाते आणि त्यांनी काढलेली शाळा मागे पडते. मला ते पटत नाही. नाझींशी त्यांचा खरा झगडा शाळेतच झाला.

बाईंचा जन्म १८९० चा, पोमेरानिया या बाल्टिक किनाऱ्यावरच्या प्रांतातल्या जमीनदार घराण्यातला. आई लवकर गेली, तेव्हापासून ट्रीग्लाफची घरची जमीनदारी आणि धाकटी भावंडं त्यांनीच सांभाळली. पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनला येऊन त्या समाजकार्य शिकल्या, शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या सालेमच्या शाळेत काही काळ राहिल्या आणि १९२७ मध्ये हायडेलबर्गजवळच्या वीब्लिंगेनच्या गढीत मुलींसाठी प्रोटेस्टंट निवासी शाळा काढली.

१९३३ मध्ये हिटलर आला तेव्हा बाईंनाही त्याच्याकडून थोड्याफार आशा होत्या. त्या फार टिकल्या नाहीत. त्याच वर्षी ७ एप्रिलच्या कायद्याने ज्यू आणि सरकारला नको असलेल्या शिक्षकांना सरकारी नोकरीतून काढायला सुरुवात झाली. २५ एप्रिलच्या कायद्याने शाळा-कॉलेजांत ज्यू मुलांच्या प्रवेशावर मर्यादा आली. चर्चच्या शाळांना एका फटक्यात टाळं लागलं नाही. तपासण्या, परवानग्या, शेरे असा फास हळूहळू आवळत गेला. बाईंनी मात्र ज्यू मुलींना शाळेत घेणं सोडलं नाही. भाषण नाही, पत्रक नाही. आलेल्या मुलीला दारातून परत पाठवायचं नाही, एवढंच. त्या काळात एवढं करायलाही केवढी हिंमत लागत असेल!

१९३९ मध्ये युद्ध सुरू झालं. फ्रान्सची सरहद्द जवळ, म्हणून शाळा बव्हेरियातल्या टुट्सिंगला हलवली. तिथे कुणीतरी गेस्टापोकडे, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांकडे, चुगली केली आणि चौकशीचा ससेमिरा मागे लागला. बाई शाळा घेऊन परत वीब्लिंगेनला आल्या, पण १९४१ मध्ये बाडेनच्या शिक्षण खात्याने ती सरकारजमा केली. कारण दिलं ते असं, की इथे नाझी विचारांप्रमाणे शिक्षण मिळेल याची खात्री नाही. माझ्या मते त्यांच्या कामाला याहून चांगलं प्रशस्तिपत्र कुणी दिलं नसेल.

शाळा गेल्यावर बाई रेडक्रॉसच्या कामाला लागल्या. सुरुवातीला सांगितलेल्या सप्टेंबर १९४३ च्या चहाला पॉल रेक्झे नावाचा तरुण डॉक्टर आला होता. स्वित्झर्लंडमधल्या ओळखीच्या माणसांना द्यायची पत्रं मी पोचवतो, असं तो म्हणाला. चहाला जमलेल्या नाझीविरोधी मंडळींनी विश्वास ठेवला. तो गेस्टापोचा माणूस होता. जानेवारी १९४४ मध्ये बाईंना फ्रान्समध्ये अटक झाली, १ जुलैला नाझी न्यायाधीश फ्राइस्लरच्या कोर्टाने मृत्युदंड सुनावला आणि ८ सप्टेंबरला बर्लिनच्या प्लोत्झेनझे तुरुंगात तो अमलात आला.

युद्ध संपल्यावर वीब्लिंगेनची शाळा पुन्हा सुरू झाली. आज ती एलिझाबेथ फॉन थाडेन यांच्याच नावाने चालते.