दिवा डिस्कचा नव्हे, कपाटाचा

बाणेरला एका ओळखीच्या ऑफिसात २४ डिस्कचा सर्व्हर आहे. एक डिस्क गेली म्हणून नवीन पोरगा आत गेला आणि शेजारची धडधाकट डिस्क ओढून आला. रेड-५ मध्ये, म्हणजे अनेक डिस्क मिळून डेटा सांभाळतात त्या रचनेत, एक डिस्क गेली तर निभावतं, दुसरी गेली की सगळा संच बसतो. बसला.

पोराला फार दोष देता येत नाही. स्क्रीनवर डिस्कचं नाव 'एसडीसी' असं दिसतं, पण कपाटावर, म्हणजे डिस्क बसवलेल्या खोक्यावर, तसं कुठे लिहिलेलं नसतं. शिवाय लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम डिस्क सापडतील तशी ही नावं वाटून टाकते, त्यामुळे मशीन पुन्हा चालू केल्यावर आजची 'एसडीसी' उद्या 'एसडीडी' होऊ शकते. सदाशिव पेठेतल्या वाड्यात रात्री घर सापडेना, की आपण फोन लावतो आणि वरून आवाज येतो, "थांब, गॅलरीतून टॉर्च मारतो." इथेही तेच करायचं. टर्मिनलवर रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, होऊन 'लेडसीटीएल लोकेट=' आणि पुढे डिस्कचा पत्ता लिहिला, की त्या कप्प्यावरचा दिवा लुकलुकू लागतो. ही कमांड मूळच्या इंटेलच्या लेडमॉन पॅकेजबरोबर येते.

यातली खरी गंमत अशी, की टॉर्च मारणारी डिस्क नव्हेच. डिस्क लिहिते-वाचते तेव्हा चमकणारा दिवा बऱ्याचदा तिच्याच इशाऱ्यावर चालतो. 'मी इथे' आणि 'मी बिघडले' हे दिवे मात्र कपाटाचे असतात, म्हणजे डिस्क ज्यात खोचतात त्या बॅकप्लेनचे. डिस्क सांभाळणारा कंट्रोलर बॅकप्लेनला निरोप धाडतो. साध्या व्यवस्थेत, म्हणजे एसजीपीआयओत, चार तारांवरून दर डिस्कमागे तीन बिट जातात: काम चालू, शोधा, बिघाड. मोठ्या कपाटात एसईएस नावाची बोली असते, एससीएसआय या डिस्कशी बोलण्याच्या पद्धतीतली. भाडेकरू गेला तरी दारावरचा दिवा लागतो, तसं डिस्क मेली तरी तिचा कप्पा ओळखता येतो.

एक अडचण उरते. डिस्क पार मेली तर 'एसडीसी' हे नावच यादीतून जातं, मग पत्ता काय देणार? तेव्हा 'एसजी_एसईएस' कमांडने कप्प्याचा नंबर सांगून दिवा लावायचा. तेही जमलं नाही तर जिवंत असलेल्या सगळ्या डिस्कचे दिवे लावा आणि अंधारातली शोधा. मला हा उपाय सर्वांत पुणेरी वाटतो. ओढण्याआधी ट्रेवरचा सीरियल नंबर मात्र ताडून बघाच.

लुकलुकण्याचीही भाषा ठरलेली आहे. दोन दिव्यांच्या कप्प्यात एक दिवा कामाचा, दुसरा स्थितीचा. स्थितीचा दिवा सेकंदाला चारदा लुकलुकला म्हणजे 'शोधा', स्थिर म्हणजे बिघाड, सेकंदाला एकदा म्हणजे डेटा पुन्हा भरणं चालू. घरच्या पीसीत असलं बॅकप्लेन सहसा नसतंच, तिथे कमांड देऊन काही पेटत नाही.

काम झालं की 'लोकेट_ऑफ' द्यायला विसरू नका. बाणेरच्या त्या खोलीत आता पाटी लागली आहे: "दिवा लुकलुकल्याशिवाय हात लावू नये. काम झाल्यावर दिवा बंद करावा, तो पुढच्या माणसाला फसवतो."