दक्षिण मराठा संस्थाने

कृष्णा, घटप्रभा व मलप्रभा या नद्यांच्या खोऱ्यांत, आजच्या बेळगाव व बागलकोट जिल्ह्यांत आणि लगतच्या महाराष्ट्रात विखुरलेल्या लहान संस्थानांचा समूह. पटवर्धनांची सांगली, मिरज, जमखंडी व कुरुंदवाड, भाव्यांचे रामदुर्ग आणि घोरपड्यांचे मुधोळ ही त्यांतील प्रमुख होत. त्यांचा मुलूख सलग नव्हता : बेळगाव हे ब्रिटिश जिल्ह्याचे ठाणे असताना त्याला खेटून असलेले शहापूर सांगलीकरांकडे, तर वडगाव कुरुंदवाडकरांकडे होते.

हे संस्थानिक मुळात राजे होते काय, याविषयी मतभेद आहेत. पटवर्धनांना थोरल्या माधवरावांकडून १७६४ च्या सुमारास मोठा सरंजाम, म्हणजे चाकरीच्या मोबदल्यात उत्पन्नासाठी लावून दिलेला मुलूख, मिळाला. सरदाराच्या स्वतःच्या खर्चासाठी दिलेला तो जातसरंजाम आणि स्वार बाळगण्यासाठी दिलेला तो फौजसरंजाम; धारक वारला की वारसाने नजराणा भरून नवी सनद घ्यावी आणि चाकरीत कसूर झाल्यास सरंजाम जप्त व्हावा, असा शिरस्ता होता. यावरून काही अभ्यासक त्यांना निव्वळ पेशव्यांचे चाकर ठरवतात. तथापि वसुली, न्यायनिवाडा व किल्ल्यांचा बंदोबस्त हे सरदार आपल्याच कारभाऱ्यांमार्फत पाहत, आणि १८१२ मध्ये पुण्यातील ब्रिटिश रेसिडेंट एल्फिन्स्टनच्या मध्यस्थीने पंढरपूर येथे जो करार झाला, त्याने त्यांच्या सरंजामांना ईस्ट इंडिया कंपनीची हमी मिळून खुद्द पेशव्यांचा हात बांधला गेला. तेव्हापासून तरी त्यांना मांडलिक सत्ताधीश मानणे अधिक सयुक्तिक दिसते. मुधोळला हा वाद लागू पडत नाही. तेथील घोरपड्यांची जहागीर पेशवाईपूर्व असून तिचा उगम बहमनी फर्मानांपर्यंत नेला जातो, मात्र त्या फर्मानांच्या अस्सलपणाविषयी शंका घेतल्या गेल्या आहेत.

पेशवाई बुडाल्यावर कंपनीने १८१९ च्या सुमारास या सरदारांशी स्वतंत्र करार केले. सांगलीकर चिंतामणराव आप्पासाहेबांनी स्वार पाठवण्याऐवजी मुलूख तोडून देणे पसंत केले. अंतर्गत कारभार संस्थानिकाकडे राहिला, पण वारसाची मंजुरी पोलिटिकल एजंटाच्या, म्हणजे संस्थानांवर देखरेख करणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या, हाती गेली आणि खरी कळ तेथेच होती. पटवर्धनांचे तासगाव १८४८ मध्ये खालसा झाले, म्हणजे ब्रिटिश मुलखात सामील केले गेले. नरगुंदच्या भास्करराव भाव्यांना दत्तकाची परवानगी नाकारण्यात आली. त्यात शस्त्रे जमा करण्याच्या हुकमाची भर पडून १८५८ च्या मे महिन्यात सुरेबान येथे एजंट मॅन्सन मारला गेला व पुढल्याच महिन्यात भास्कररावांना बेळगावात फाशी झाली. त्याच घराण्याची रामदुर्ग शाखा मात्र टिकून राहिली. दत्तक घेण्याचा हक्क देणाऱ्या सनदा मिळाल्यानंतर वारसाअभावी संस्थान खालसा होण्याचा धोका टळला. संस्थानिक अज्ञान असला की कारभार एजंटाने नेमलेला अधिकारी पाही, त्यामुळे एकेका पिढीची घडी सरकारी पद्धतीनेच बसे.

लोकांना सत्तेत वाटा मिळण्याचा इतिहास अगदी अलीकडचा आहे. दक्षिणी संस्थानांपैकी औंधने १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने जबाबदार राज्यपद्धती, म्हणजे लोकप्रतिनिधींना उत्तरदायी असलेला कारभार, स्वीकारली. रामदुर्गात त्याच वर्षी प्रजापक्षाच्या चळवळीला हिंसक वळण लागले. काही संस्थानिकांनी १९४७ मध्ये संयुक्त दक्षिण संस्थान उभारून पाहिले, पण ते टिकले नाही. मार्च १९४८ मध्ये ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. रामदुर्ग बेळगाव जिल्ह्यात तालुका म्हणून आले आणि १९५६ च्या पुनर्रचनेत जिल्ह्याबरोबर म्हैसूर राज्यात गेले. संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले.