पॅनल विकत घेण्याआधी हे वाचा
(साध्या एसीचा ऑटो एसी करून घेऊ इच्छिणाऱ्या ग्राहकांसाठी)

दर आठवड्याला कुणीतरी साध्या एसीची व्हीएक्सआय स्विफ्ट घेऊन येतं आणि काउंटरवर पिशवीतून एसीचं एक पॅनल काढून ठेवतं. झेडएक्सआयचं, म्हणजे वरच्या, ऑटो एसीवाल्या मॉडेलचं, डिजिटल. "कुर्ल्याला स्वस्तात मिळालं. तेवढं बसवून द्या, मी इथंच थांबतो." आम्ही चहा सांगतो, आणि हे अर्ध्या तासाचं काम का नाही हे समजावण्यात अर्धा तास जातो. तेच बोलणं इथे छापून ठेवलं आहे.

ऑटो एसी म्हणजे हवं ते तापमान सांगितलं की ते आपणहून राखणारा एसी, नुसतं पॅनल नव्हे. पॅनल फक्त हुकूम सोडतं. ते ऐकणारी मंडळी डॅशबोर्डच्या पोटात असतात आणि साध्या एसीच्या गाडीत त्यातली बरीचशी नसतातच. नॉब फिरवला की बऱ्याच गाड्यांत मागची केबल ओढली जाते आणि एक फ्लॅप सरकतो. कॉइलवरून थंड होऊन आलेल्या हवेतली किती हीटरवरून जाऊ द्यायची, ते हा फ्लॅप ठरवतो. ब्लोअरचे चार स्पीड म्हणजे रेझिस्टन्सवरचे चार टप्पे. गरम वाटलं की नॉब इकडे, गार वाटलं की तिकडे. थोडक्यात, या गाडीतला सेन्सर तुम्हीच.

ऑटो एसीत केबलच्या जागी छोट्या मोटरी येतात आणि फ्लॅप कुठवर आला हे त्या पॅनलला परत कळवतात. रेझिस्टन्सच्या जागी ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल येतं, म्हणून ब्लोअर टप्प्याटप्प्याने न वाढता हळूहळू चढतो-उतरतो. शिवाय केबिनची हवा मोजणारा एक सेन्सर, पुढच्या बंपरमागे बाहेरची हवा मोजणारा दुसरा, डॅशबोर्डवर ऊन मोजणारा तिसरा. कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून तिथला सेन्सर साध्या गाडीतही बहुधा असतो, पण तो नव्या पॅनलला चालतो का हे पाहावं लागतं. एवढं सगळं आणि ते जोडणारं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, मिळून ऑटो एसी होतो.

आता ज्या चुकीपायी आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ जातो ती. पॅनल आधी विकत घेतलं जातं, आणि मग ते "कसंतरी" बसावं म्हणून जुन्या वायरी कापून त्याला टॅप मारले जातात. मागे एक गृहस्थ अशी गाडी घेऊन आले. पॅनल झकास उजळत होतं. बटण दाबलं की 24 चं 23, 22, 18 व्हायचं. हवा मात्र होती तशीच, कारण 18 चा हुकूम ऐकायला मागे मोटरच नव्हती. डॅशबोर्ड उघडला तर कंपनीचा कपलर (वायरींचा प्लग) कापून फेकलेला आणि अकरा वायरी एकाच रंगाच्या टेपने गुंडाळलेल्या. कोणती वायर कुठली हे मीटर लावून शोधण्यात आमच्या पोराचा पूर्ण दिवस गेला. तो दिवस बिलात आला तेव्हा गृहस्थ नाराज झाले. आम्हीही खूश नव्हतो.

म्हणून विनंती एवढीच, की पॅनल घेण्याआधी व्हॉट्सॲपवर तीन गोष्टी पाठवा: गाडीतल्या सध्याच्या पॅनलचा फोटो, चॅसी नंबर आणि जे पॅनल घेणार आहात त्याच्या पाठीवरच्या स्टिकरचा फोटो. पुढून नको, पाठीवरचा. पुढून सगळी जुळी भावंडं दिसतात, पण कपलर आणि पार्ट नंबर वेगळे निघतात. नव्या गाड्यांत तर पॅनल गाडीतल्या बाकीच्या संगणकांशी कॅन लाइनवरून, म्हणजे निरोपांच्या सामायिक वायरींवरून, बोलतं. स्कॅनर लावून कोडिंग केलं नाही, म्हणजे नव्या पॅनलची गाडीशी ओळख करून दिली नाही, तर कपलर बसूनही कॉम्प्रेसर चालू करण्याचा निरोप पुढे जात नाही. फोटो पाहून सांगण्याचे पैसे आम्ही घेत नाही. गाडी उघडून तपासायची असेल तर 500 रुपये, आणि काम इथेच केलंत तर ते बिलातून वजा होतात.

"दोन दिवस कशाला?" हाही रोजचा प्रश्न. डॅशबोर्ड खाली घ्यायचा म्हणजे आधी बॅटरी सोडवायची, थोडा वेळ थांबायचं, मग एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला हात लावायचा. तिथे घाई आम्ही करत नाही, कुणाला करूही देत नाही. तुमच्या गाडीच्या एसी बॉक्सवर (कॉइल, हीटर आणि फ्लॅप ज्यात असतात तो डबा) मोटरी बसवायला जागाच नसेल तर बॉक्स बदलावा लागतो. मग गॅस काढून घेणं, व्हॅक्यूम मारणं, पुन्हा वजनावर गॅस भरणं आलं, म्हणजे तिसरा दिवस. डॅशबोर्ड परत चढवताना क्लिपांखाली फेल्टची पट्टी लावतो. "खोलल्यापासून करकरतोय" ही तक्रार आमच्याकडे येत नाही, त्याचं कारण ती पट्टी. शेवटी मोटरी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पॅनलला त्यांची हद्द शिकवतो. तेव्हा आतून किर्र किर्र आवाज येतो, तो बिघाड नव्हे.

सेन्सर आम्ही नवेच वापरतो. मोटरी आणि पॅनल जुनं पण तपासलेलं चालतं. आमच्याकडून घेतलेल्या सामानाला 6 महिने गॅरंटी, तुम्ही आणलेल्या सामानाला फक्त आमच्या मजुरीची. गाडी कंपनीच्या वॉरंटीत असेल तर हे काम आम्ही घेत नाही. पुढे वायरिंगवरून वाद झाला तर नुकसान तुमचं होईल.

आणखी एक. ऑटो केल्याने एसी जास्त गार होत नाही. गारवा येतो कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि कॉइलमधून. कंडेन्सर चिखलाने बुजला असेल किंवा गॅस गळत असेल तर आधी ते काम करा, पॅनलचे पैसे राखून ठेवा. रोज घर ते ऑफिस वीस मिनिटंच जात असाल तर नॉब काही वाईट नाही. पण दर महिन्याला कोकणात उतरत असाल, मागे आई-वडील किंवा लहान मूल असेल, घाटात घटकेत ऊन घटकेत धुकं असेल, तर दर पाच मिनिटांनी नॉबकडे जाणारा हात थांबतो आणि पैसे वसूल होतात.

काम झाल्यावरचे फोन बहुतेक दोनच कारणांनी येतात. एक, डॅशबोर्डवरच्या काळ्या ठिपक्यावर गणपती बसवलेला असतो. तो ठिपका म्हणजे उन्हाचा सेन्सर. बाप्पा चार बोटं बाजूला घ्या. दोन, भर मे महिन्यात एसी लागत नाही आणि बाहेरचं तापमान उणे 40 दिसतं. बंपर कुठेतरी घासलेला असतो आणि सेन्सरची वायर तुटलेली असते. तुटलेली वायर पॅनलला कडाक्याची थंडी वाटते, म्हणून ते कॉम्प्रेसर चालूच करत नाही. दहा मिनिटांचं काम आहे, चक्कर मारा.

एप्रिल-मेमध्ये गॅस भरायलाच रांग असते, तेव्हा हे काम आम्ही घेत नाही. दिवाळी ते फेब्रुवारी सगळ्यात सोयीचं. गाडी सोमवारी किंवा मंगळवारी सोडा. गुरुवारी आमच्या भागात लाइट जाते आणि व्हॅक्यूम पंप विजेवर चालतो.