महसुली गाव आणि ग्रामपंचायत : वाडीची नोंद नेमकी कुठे सापडते?

"आमच्या वाडीचं नाव सरकारदरबारी कुठेच नाही," असं कोणी म्हणालं की आधी विचारावं, दप्तर कोणाचं पाहिलंत? तलाठ्याचं की ग्रामसेवकाचं? दोघंही "गाव" म्हणतात, पण दोघांची गावं वेगळी असू शकतात. (2024 पासून या दोघांची पदनामंही बदलली आहेत. आता ते ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी. गोंधळ कमी व्हावा म्हणून केलं असेल, तर तसं झालेलं दिसत नाही.)

महसुली गाव म्हणजे शिवार. त्याला हद्द, नकाशा आणि गट नंबर असतात, सातबारा असतो. मुंबई इलाख्यात इंग्रजांची पुढे कायम झालेली जमीनमोजणी 1835-36 च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून सुरू झाली. मग एकेका तालुक्यात हद्दीचे दगड रोवले गेले आणि गावांची यादी पक्की होत गेली. मोजणीच्या वेळी जी वस्ती मोठ्या गावाच्या शिवारात चार-सहा घरांची होती, ती त्या गावाच्या पोटात गेली. पुढे तिथे शंभर उंबरे झाले तरी सातबाऱ्यावर नाव मूळ गावाचंच राहिलं. उलटही घडतं. महसुली गावाला माणसं असावी लागतातच असं नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 43 हजारांहून अधिक गावं आहेत आणि त्यांतल्या अडीच हजारांवर गावांत एकही माणूस राहत नाही. जुन्या कागदांत अशा गावापुढे "बेचिराग" लिहिलेलं असतं. साथीत, दुष्काळात किंवा धरणात गाव उठलं, पण त्याचे सातबारे चालूच आहेत.

ग्रामपंचायतीचा संबंध माणसांशी : मतदार, घरपट्टी, नळाचं पाणी, दिवाबत्ती. सध्याची रचना 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाची. राज्यात ग्रामपंचायती सुमारे 28 हजार, म्हणजे महसुली गावांपेक्षा बऱ्याच कमी, कारण लहान गावं आणि वाड्या मिळून गटग्रामपंचायत होते. तिला नाव कोणाचं द्यायचं याचाही नियम आहे : त्या गटात ज्याची लोकसंख्या जास्त, त्याचं. धाकट्या वाडीचं नाव पाटीवर का नसतं, त्याचं उत्तर या एका ओळीत आहे.

सगळ्यात जास्त घोटाळा "आठ" या आकड्याचा. तलाठ्याकडचा गाव नमुना 8अ म्हणजे खातेदाराच्या नावावर एकूण जमीन किती, त्याचा उतारा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 म्हणजे घरांच्या करआकारणीची नोंदवही. वाडीवरच्या घराची नोंद दुसऱ्यात सापडते, पण घराखालची जमीन बहुतेक वेळा शेतीच्या गटात असते, गावठाणात नसते. नमुना 8 चा उतारा हा मालकीचा पुरावा समजून व्यवहार करणारे कमी नाहीत.

अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रात तिसरीच व्याख्या लागू होते. 1996 च्या पेसा कायद्यानुसार, म्हणजे या क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या कायद्यानुसार, एखाद्या वस्तीत किंवा पाड्यात आपल्या रूढीपरंपरेनं कारभार चालवणारा समाज असेल, तर तो पाडा स्वतंत्र गाव ठरू शकतो. राज्याच्या 2014 च्या नियमांनुसार पाड्यातल्या मतदारांना तसा ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्याकडे देता येतो. गंमत म्हणजे महसूल संहिता, ग्रामपंचायत अधिनियम आणि पेसा, तिन्हींत "गाव" ठरवायची सुरुवात कलम 4 मध्येच होते आणि तीन ठिकाणी तीन अर्थ निघतात.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा पाहा. गोंड आदिवासींचं, पाचशेच्या आसपास वस्तीचं गाव. पंचायतीच्या हिशेबात ते बराच काळ लेखा गटग्रामपंचायतीचा एक भाग होतं. पण ग्रामसभा तिथे आधीपासून आपली आपण चालत आली. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथलीच. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूचे वाहतूक पास ग्रामसभेच्या हाती आले, पुढे गाव ग्रामदानी झालं, म्हणजे जमिनीची मालकी ग्रामसभेकडे दिली. स्वतंत्र ग्रामपंचायतीचा दर्जा यायला मात्र 2024 उजाडलं. नुसता ग्रामपंचायतीच्या स्थापनेचा दाखला पाहणाऱ्याला हे गाव कालपरवाचं वाटेल.

म्हणून वाडीचा इतिहास शोधताना दोन्ही दप्तरं मागावीत, आणि मूळ गावाच्या नावानं मागावीत. गाव नमुना 14, म्हणजे जन्ममृत्यूची नोंद, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, तोही पाहावा. तो बऱ्याचदा मोडी लिपीत असतो, तेव्हा वाचणारा सोबत न्यावा. वाडीवर जुनी शाळा असेल, तर तिचं जनरल रजिस्टर मागावं. राहण्याच्या ठिकाणापुढे तिथे वाडीचं नाव लिहिलेलं असू शकतं.