नावाचा रकानाच नव्हता : अमेरिकेतल्या गुलामगिरीची पार्श्वभूमी

१८६० साली अमेरिकेत शिरगणती झाली, तेव्हा दक्षिणेकडच्या राज्यांत दोन वेगळे तक्ते भरले गेले. एक स्वतंत्र माणसांचा, दुसरा गुलामांचा. दुसऱ्या तक्त्यात पहिल्याच रकान्यात नाव आहे, पण ते मालकाचं. त्याच्यापुढे एकाखाली एक गुलामांचं वय, लिंग, वर्ण. कोण पळून गेलंय, हे लिहायला रकाना आहे. आंधळे, मुके-बहिरे, वेडे यांच्यासाठीही आहे. गुलामाच्या नावासाठी मात्र नाही.

त्या वर्षी असे साडेएकोणचाळीस लाखांहून अधिक लोक या तक्त्यांत मोजले गेले. त्यांची नावं सरकारी शिरगणतीत सरसकट आली ती १८७० मध्ये. त्यामुळे आज आपलं मूळ शोधणारी आफ्रिकन-अमेरिकन माणसं '१८७० ची भिंत' असा शब्द वापरतात. भिंतीपलीकडे जायचं तर मालकाचे कागद उलगडावे लागतात : मृत्युपत्र, वाटणीपत्र, गहाणखत, विक्रीची पावती. खापरपणजी सापडलीच, तर ती कुणाच्या तरी मालमत्तेच्या यादीत सापडते, बैल आणि नांगर यांच्या शेजारी किंमत लिहिलेली.

गुलामगिरीची क्रूरता आपल्याला चाबूक आणि साखळदंडांतून माहीत असते. पण ती अडीचशे वर्षं टिकली ती कायदा आणि हिशेब यांच्या जोरावर, आणि तिचे परिणामही हिशेबातच अडकून राहिले.

सुरुवात बहुधा १६१९ पासून सांगितली जाते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये 'व्हाइट लायन' नावाचं जहाज व्हर्जिनियाच्या किनाऱ्याला लागलं आणि त्यावरच्या वीसेक आफ्रिकी माणसांच्या बदल्यात शिधा घेऊन गेलं. ही माणसं मूळची अंगोलाच्या मुलखातली, एका पोर्तुगीज जहाजावरून लुटलेली. तेव्हा व्हर्जिनियात गुलामगिरीचा पक्का कायदा नव्हता. तो हळूहळू रचला गेला. १६६२ चा कायदा त्यातला सगळ्यात थंड डोक्याने केलेला. इंग्रजी रिवाजात मुलाचा दर्जा बापावरून ठरे. व्हर्जिनियाने तो आईवरून ठरवला. आई गुलाम, तर मूल गुलाम. बाप कोण, हा प्रश्नच निकालात निघाला. म्हणजे मालकाने गुलाम बाईवर जबरदस्ती केली, तरी त्यातून जन्मलेलं मूल त्याच्यावर जबाबदारी टाकत नव्हतं, उलट त्याच्या मालमत्तेत भर टाकत होतं. पाच वर्षांनी आणखी एक कायदा आला : बाप्तिस्मा घेतला म्हणून गुलामी सुटत नाही.

अटलांटिक ओलांडून नेण्यासाठी सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी लोक जहाजांत कोंबले गेले. त्यातले थेट उत्तर अमेरिकेत उतरले ते चार लाखांच्या आतच. बहुतेक ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर गेले. मग चार लाखांचे चाळीस लाख झाले कसे? उत्तर त्या १६६२ च्या कायद्यात आहे. १८०८ मध्ये परदेशातून गुलाम आणायला बंदी आली, पण तोवर आयातीची गरज उरली नव्हती.

१७८७ च्या राज्यघटनेने 'गुलाम' हा शब्द कुठेही वापरला नाही. 'इतर व्यक्ती' म्हटलं, आणि प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवताना अशा पाच व्यक्तींची गणना तीन अशी करायची, असं ठरवलं. मत एकालाही नाही. पण त्यांच्या डोक्यांवर मालकांच्या राज्यांना जास्त जागा. शब्द टाळण्याची ही लाज बोलकी आहे.

१७९३ मध्ये एली व्हिटनीचा रेचा आला. आखूड धाग्याच्या कापसातली सरकी हाताने काढायला एका माणसाचा दिवस जाई आणि जेमतेम पौंडभर रुई निघे. यंत्राने तीच पन्नास पौंडांवर गेली. आता अडचण फक्त वेचणीची. ती हातानेच होणार. व्हर्जिनिया, मेरीलंडकडची तंबाखूची जमीन थकत चालली होती, मिसिसिपी आणि अलाबामाची काळी माती हात मागत होती. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत सुमारे दहा लाख माणसं तंबाखूच्या मुलखातून खोल दक्षिणेत नेली गेली, कित्येक बेड्या घालून पायी. १८३८ मध्ये मेरीलंडच्या जेझुइट धर्मगुरूंनी आपल्याकडचे २७२ लोक लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकले, किंमत १ लाख १५ हजार डॉलर. त्यात तान्ही मुलंही होती. त्या पैशाच्या एका भागातून जॉर्जटाउनच्या कॉलेजचं कर्ज फिटलं. हे कॉलेज आता नामांकित विद्यापीठ आहे. त्याने २०१७ मध्ये वंशजांची माफी मागितली.

१८६० च्या सुमारास अमेरिकेच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा कापसाचा होता. उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटलं आणि दक्षिणेची बंदरं कोंडली गेली, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या. आपल्याकडचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, शेअरचं वेड लागलं, बॅक बेच्या भरावावर सट्टे लागले; आणि १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपताच इकडे पेढ्या बसल्या. राजाबाई टॉवरसाठी देणगी देणारे प्रेमचंद रायचंद याच तेजीतले आणि याच पडझडीतले.

आता मुक्तीचा हिशेब पाहा. एप्रिल १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधले गुलाम सोडवले गेले तेव्हा भरपाई दिली गेली, माणशी ३०० डॉलरपर्यंत. ती मालकांना. सुटलेल्या माणसाला काही मिळायचं असेल तर ते देश सोडून जाण्यासाठी.

जानेवारी १८६५ मध्ये सव्हाना शहरात उत्तरेच्या फौजेच्या जनरल शर्मनने वीस काळ्या धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं, तुम्हाला काय हवं? त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर बोलले. त्यांचं म्हणणं साधं होतं : जमीन द्या, आम्ही कसू आणि आमचं आम्ही भागवू. चारच दिवसांनी शर्मनने किनारपट्टीची जमीन चाळीस-चाळीस एकरांनी वाटायचा हुकूम काढला. सुमारे चाळीस हजार लोक तिथे वसले, पेरणीही झाली. एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला. नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी वर्ष संपायच्या आत बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत केली.

मग उरली बटई. जमीन मालकाची, बियाणं मालकाचं, किराणा मालकाच्याच दुकानातून उधारीवर. हंगामाच्या शेवटी वही उघडायची आणि बाकी नेहमी कुळाकडेच निघायची. आपल्या सावकारी वह्या पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. ज्यांनी पै-पै साठवून सुटलेल्या गुलामांसाठीच्या फ्रीडमन्स बँकेत ठेवली, त्यांची बँक १८७४ मध्ये बुडाली. साठ हजारांवर खातेदार होते.

आणि माणसं शोधायची राहिलीच होती. विकल्या गेलेल्या आईला, भावाला शोधण्यासाठी काळ्या वाचकांच्या वर्तमानपत्रांत जाहिराती येत : आईचं नाव अमुक, शेवटचं पाहिलं ते अमुक गावी, अमुक माणसाने विकत घेतलं होतं. न्यू ऑर्लिन्सच्या एका पत्रात तर यासाठी सदरच होतं, आणि रविवारी चर्चमध्ये ते मोठ्याने वाचावं अशी पाद्र्यांना विनंती असे. युद्ध संपून वीस वर्षं झाली तरी हे चालूच होतं.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, ते गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ बुद्धीबद्दल. तेव्हा मिसिसिपीतून एक काळा माणूस सिनेटवर जाऊन आला होता, त्यामुळे पुण्यातून ते चित्र आशादायक दिसावं यात नवल नाही. चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, दक्षिणेतलं केंद्राचं सैन्य मागे घेतलं गेलं आणि मिळालेले हक्क एकेक करून हिरावले गेले. मतदानाला कर, वाचन-लेखनाची परीक्षा, त्यानेही भागलं नाही तर झाडाला दोर. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या सोयींबाबत 'वेगळे पण समान' या तत्त्वावर शिक्कामोर्तब केलं.

विसाव्या शतकात हिशेब घरांवर आला. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. काळ्यांच्या वस्त्यांना लाल रंग, म्हणजे कर्जाला धोक्याच्या. सरकारी हमीवर स्वस्त कर्जं निघाली ती गोऱ्यांच्या नव्या उपनगरांसाठी. घरांच्या विक्रीत असा भेदभाव १९६८ मध्ये बेकायदा ठरला, पण तोवर गोऱ्यांच्या एका पिढीची घरांची कर्जं फिटली होती आणि काळ्यांच्या पिढीने भाडंच भरलं होतं. मध्यमवर्गाची शिल्लक म्हणजे घरच. २०२२ च्या फेडरल रिझर्व्हच्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती २ लाख ८५ हजार डॉलर होती, काळ्या कुटुंबाची ४५ हजारांच्या आत.

डिसेंबर १८६५ मध्ये गुलामगिरी रद्द करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीत एक पळवाट राहिली : गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल. दक्षिणेतल्या राज्यांनी लगेच बेकार फिरणं हा गुन्हा ठरवला आणि कैदी खाणींना, मळ्यांना भाड्याने दिले. अलाबामात हा धंदा १९२८ पर्यंत चालला. लुइझियानातल्या एका जुन्या मळ्यावर आज १८ हजार एकरांचा तुरुंग आहे. तिथले बहुसंख्य कैदी काळे. ते तासाला काही सेंटवर शेतात राबतात आणि पहारेकरी घोड्यावरून लक्ष ठेवतात. पूर्वी तिथे राबणारे गुलाम ज्या मुलखातून आणले होते, त्याचंच नाव त्या मळ्याला होतं. तुरुंगालाही लोक त्याच नावाने ओळखतात : अंगोला.