रोशा गवत: खानदेशच्या डोंगरातला गुलाबगंध

पावसाळा सरत आला की खानदेशातल्या आणि सातपुड्याच्या डोंगरउतारांवर रोशा गवत तुऱ्यावर येतं. काही लोक त्याला तिखाडीही म्हणतात. तुरा तळहातावर चोळून बघा, गुलाबाचा वास येतो आणि त्यामागून गवताचा हिरवा, किंचित उग्र दर्प. शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनाय, म्हणजे परसातल्या गवती चहाचं हे सख्खं भावंड.

गुलाबाशी साम्य आहे ते जेरानिऑलमुळे. हे संयुग गुलाबतेलातही असतं, आणि उत्तम रोशा तेलात तर त्याचं प्रमाण 75 ते 90 टक्के. गुलाबतेलात याखेरीज शेकडो संयुगं असतात; त्यातली काही अगदी लेशमात्र असूनही गंधाला खोली देतात. ती रोशात नाहीत. पण 1 किलो गुलाबतेलासाठी साधारण साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात, तर तेवढंच रोशा तेल दोन-तीनशे किलो गवतातून निघतं.

एकोणिसाव्या शतकातला व्यापार याच फरकावर चालला. खानदेशातल्या भट्ट्यांवर निघालेलं तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानपर्यंत जाई. लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात घुसळून आणि उन्हात ठेवून त्याचा उग्रपणा कमी करत, मग ते गुलाबाच्या अत्तरात मिसळत. युरोपच्या बाजारात या रोशा तेलाला ‘तुर्की जेरेनियम तेल’ म्हणत. ज्या डोंगरातून ते आलं त्यांचं नाव बाटलीवर नव्हतं, याची मला आजही हळहळ वाटते.

भट्टीवाल्यांची नजर मात्र पक्की होती. कोवळ्या, निळसर-पांढऱ्या तुऱ्याच्या गवताला ते ‘मोतिया’ म्हणत आणि पिकून लालसर झालेल्याला ‘सोनफिया’. मोतियाचं तेल अधिक नाजूक वासाचं, असा त्यांचा अनुभव. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी मोतिया आणि सोफिया (म्हणजेच सोनफिया) हे दोन वेगळे प्रकारच मानले. मोतिया निचऱ्याच्या उतारावर सुटासुटा वाढतो, सोफिया सखल, ओलसर जागी दाटीनं. पहिल्यात 20 गुणसूत्रं, दुसऱ्यात 40. सोफियाच्या तेलात जेरानिऑल बरंच कमी असतं, त्यामुळे भावही कमी. तुऱ्याच्या वयाबद्दलचं निरीक्षणही पोकळ नव्हतं: कोवळ्या तुऱ्यात जेरानिल अ‍ॅसिटेट जास्त असतं आणि तुरा वाढत जातो तसं एक विकर त्याचं जेरानिऑल करत जातं.

म्हणूनच लागवडीत कापणीची वेळ फार महत्त्वाची. तेल मुख्यतः तुऱ्यात आणि पानांत असतं, दांड्यात जवळपास नाहीच. तुरे उमलल्यावर आठ-दहा दिवसांनी, जमिनीपासून वीतभर सोडून कापतात आणि सावलीत सुकत ठेवून वाफेवर ऊर्ध्वपातन करतात. बी अतिशय हलकं, त्यामुळे वाळूत मिसळून मे-जूनमध्ये गादीवाफ्यावर पेरायचं आणि पावसात महिना-सव्वा महिन्याची रोपं शेतात लावायची. पाणी साचणारी जमीन नको. एकदा लावलं की तीन-चार वर्षं, वर्षाला दोन-तीन कापण्या मिळतात. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेनं ‘तृष्णा’, ‘तृप्ता’ अशा जाती दिल्या आहेत. हलक्या, मुरमाड जमिनीच्या शेतकऱ्यानं या पिकाचा विचार जरूर करावा, पण जवळ भट्टी आणि खरेदीदार आहे का हे आधी पाहावं.

जुन्या वापरात सांधेदुखीवर, आखडलेल्या अंगावर हे तेल चोळत. डासांना दूर ठेवण्यासाठीही वापरत, आणि जेरानिऑल डासांना पळवतं हे प्रयोगांतही दिसलं आहे. तेल खोबरेल किंवा तिळाच्या तेलात पातळ करूनच लावावं. काहींच्या त्वचेला जेरानिऑलची अ‍ॅलर्जी येते, म्हणून युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनात ते ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असेल तर वेष्टनावर त्याचा उल्लेख सक्तीचा आहे.