अस्थिछेदनातील उष्णतेचे संगणकीय प्रतिमान

मोडलेल्या हाडावर प्लेट बसवताना किंवा जबड्यात इम्प्लांट रोवताना ड्रिलने भोक पाडावे लागते. त्या वेळी हाड किती तापेल, याचा संगणकावर आधीच केलेला हिशेब म्हणजे हे प्रतिमान. एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये सशांवर केलेल्या प्रयोगांत ४७° से. तापमान एक मिनिट टिकले तरी हाडाला इजा झाल्याचे दिसले. तोच आकडा आजही मर्यादा म्हणून धरतात. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेलेला पाहणाऱ्या नागपूरकराला ४७ ऐकून दचकायला होत नाही. पण शरीर मुळातच ३७ अंशांवर असते, म्हणजे सर्जनच्या हाती उरतात दहाच अंश. ते ओलांडले तर भोकाभोवतीचे हाड मरू शकते आणि स्क्रू सैल पडतो.

धारेपुढे हाड कातरले जाताना आणि ड्रिलच्या कडा व भुगा भोकाच्या भिंतीला घासताना उष्णता निर्माण होते. बाहेरच्या कठीण हाडाची उष्णतावाहकता मीटर-केल्व्हिनला साधारण ०.५ वॅट, पोलादाच्या तुलनेत नगण्यच. एक मिलिमीटर पुढे सरकायला उष्णतेला सुमारे पाच सेकंद लागतात. त्यामुळे थर्मोकपल (तापमान मोजणारी बारीक तार) भिंतीपासून जरा दूर बसले तरी खरे कमाल तापमान निसटते. प्रतिमानाची गरज इथेच पडते.

फायनाइट एलिमेंट पद्धतीत हाडाचे बारीक तुकडे कल्पून प्रत्येकासाठी उष्णतेचे समीकरण सोडवतात. रक्तप्रवाहाने वाहून नेलेली उष्णता पेनेस यांच्या १९४८ च्या समीकरणाने धरता येते. कातरले जाताना पदार्थ किती विरोध करतो हे मांडायला बहुधा जॉन्सन-कुक समीकरण वापरतात. ते मुळात धातूंसाठीचे. दिशेनुसार गुण बदलणाऱ्या हाडाला ते लावणे ही सोय आहे, सिद्धान्त नव्हे.

ड्रिलचे फेरे, दाब, व्यास, टोकाचा कोन, धारेची झीज आणि सलाईनचा मारा हे सारे त्यात घालावे लागते. यांत दाबाकडे विशेष लक्ष हवे. मॅथ्यूज आणि हिर्श यांनी १९७२ मध्ये दाखवले, की दाब वाढवला तर भोक लवकर पडते आणि तापमान व त्याचा कालावधी दोन्ही घटतात. हलक्या हाताने रेंगाळत ड्रिल करणे सुरक्षित, हा समज त्यापुढे टिकत नाही. अर्थात फार दाबले तर बिट तुटते किंवा पलीकडे घुसते. के-वायरला (हाड जोडण्यासाठी ड्रिलने थेट आत घालायच्या टोकदार तारेला) भुगा बाहेर काढणाऱ्या खाचाच नसतात, म्हणून ती जास्त तापते.

नागपुरात व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय, मेडिकल, मेयो व एम्स ही रुग्णालये आणि शासकीय दंत महाविद्यालय एकाच शहरात असल्याने अभियंता व सर्जन यांना एकत्र बसणे अवघड नाही. अडचण आहे ती प्रतिमान प्रयोगाने पडताळण्यासाठी लागणाऱ्या हाडाची. परदेशी प्रयोगांत सर्रास गाई-बैलांचे हाड वापरतात. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी असल्यामुळे इथे बोकडाचे किंवा म्हशीचे हाड घ्यावे लागते. त्याची घनता आणि जाडी वेगळी, म्हणून परदेशी आकडे जसेच्या तसे उचलता येत नाहीत. शिवाय मृत हाड खोलीच्या तापमानाला असते, आणि नागपुरातली बिनएसीची खोली डिसेंबरात व मेमध्ये सारखी नसते. त्यामुळे नुसते कमाल तापमान न नोंदवता सुरुवातीचे तापमान आणि त्यावर झालेली वाढ, दोन्ही लिहावी लागतात.